कोकणातून स्टँड-अप: लेस्बियन मुलीसाठी, पहिल्या पाच मिनिटांपासून स्वतःच्या शोपर्यंत

चिपळूण, राजापूर, देवगड, वेंगुर्ला, अशा कुठल्यातरी गावात बसून तू मोबाइलवर स्टँड-अपचे व्हिडिओ बघतेस आणि मनात म्हणतेस, "ह्यापेक्षा आमची काकू बरी." तुला मुली आवडतात हे तुला पक्कं माहीत आहे, घरी माहीत असेल किंवा नसेल. हा लेख तुझ्यासाठी. मी सिंधुदुर्गातली. याच वाटेने आले आणि आता पैसे मिळणारे शो करते. तुला अगं-तुगं करणार आहे, चालवून घे.

स्टँड-अप कसं करावं हे सांगणारा मजकूर इंटरनेटवर ढीगभर पडलाय. तो लिहिणाऱ्यांनी धरून चाललेलं असतं की समोर बसलेलं कोणी तुला ओळखत नाही. आपल्याकडे आडनाव सांगितलं की गाव कळतं, गाव सांगितलं की वाडी, आणि वाडी कळली की समोरचा विचारतो, "म्हणजे देवळाच्या खालच्या अंगाला घर ना तुमचं?" त्यामुळे इतर जणी 'काय बोलायचं' इथून सुरुवात करतात, आपल्याला 'कोण ऐकणार' इथून करावी लागते. खालच्या पायऱ्या त्याच हिशेबाने लावल्या आहेत.

१. माईकच्या आधी घर

घरी सांगणं आणि स्टेजवर बोलणं ही दोन वेगळी कामं आहेत. दुसऱ्याच्या आडून पहिलं उरकायला जाऊ नकोस. आईला ही गोष्ट भांडुपच्या मामीच्या फोनवरून कळली तर ती तुझ्याशी काय बोलायचं याचा विचार नंतर करते, आधी मामीला काय तोंड दाखवायचं याचा करते. मग सगळं घर मामीभोवती फिरत राहतं.

एक कागद घे. कोणाला माहीत आहे, कोणाला कळलं तरी फरक पडत नाही, आणि कोणाला सध्या कळता कामा नये, अशा तीन रांगा लिही. तिसऱ्या रांगेत तुझ्या फीचे पैसे भरणारं किंवा तुझ्या डोक्यावरच्या छपराचं मालक असलेलं कोणी असेल, तर पहिलं वर्ष दुसऱ्या विषयांवर विनोद कर. यात कमीपणा काही नाही. अमेरिकेतल्या विनोदी कलाकार वांडा साइक्स १९८० च्या दशकात स्टेजवर उभ्या राहिल्या आणि जाहीरपणे बोलल्या २००८ मध्ये. एलन डीजेनेरस १९९७ मध्ये बोलल्या तेव्हा अमेरिकेतलं मोठं नाव होत्या, तरी पुढच्याच वर्षी त्यांची टीव्ही मालिका बंद झाली. आपल्याकडे वासू प्रिमलानी यांनी उघडपणे लेस्बियन म्हणून स्टँड-अप केलं आणि त्यांना राष्ट्रपतींच्या हस्ते नारी शक्ती पुरस्कारही मिळाला. कधी बोलायचं ते ज्याचं त्याने ठरवायचं, पण ठरवून करायचं.

कायद्याचं थोडक्यात: ६ सप्टेंबर २०१८ ला सुप्रीम कोर्टाने कलम ३७७ मधून प्रौढांचे संमतीचे समलिंगी संबंध वगळले. लग्नाचा हक्क मात्र १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात मिळाला नाही. तू अठरा वर्षांची आहेस, तर कुठे आणि कोणाबरोबर राहायचं ते तू ठरवतेस. घरच्यांनी कोंडून ठेवलं आणि प्रकरण कोर्टात गेलं, तर न्यायाधीशांनी तुझं 'समुपदेशन' करून तुला बदलायला बघू नये, असं सुप्रीम कोर्टाने मार्च २०२४ मध्ये बजावलं आहे. "डॉक्टर उपचार करून बरं करतील" असं कोणी म्हणालं, तर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्येच असे उपचार करणं हे डॉक्टरचं व्यावसायिक गैरवर्तन ठरवलंय. आणि देवऋषाकडे, भगताकडे नेऊन मारझोड झाली तर २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे.

मदतीसाठी मुंबईत १९९४ पासूनची हमसफर ट्रस्ट आहे, १९९५ मध्ये सुरू झालेला लेबिया हा खास आपल्यासारख्या बायकांचा गट आहे. मन फारच खचलं तर १४४१६ हा टेलीमानसचा सरकारी नंबर फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

२. पाच मिनिटं लिहून काढ

लिहायला बसलीस की हात आपोआप एकाच गोष्टीकडे जाईल: मला कधी कळलं, मी किती रडले, आईचा चेहरा कसा पडला. ते लिही आणि बाजूला ठेव. पहिल्या पाच मिनिटांना ते पेलत नाही. प्रेक्षक तुझ्यासाठी हळवा झाला की हसायचा थांबतो आणि टाळ्या वाजवतो. 'काय धीट मुलगी' म्हणून पडलेली टाळी ऐकायला गोड लागते, पण तिच्यावर पुढचा शो मिळत नाही. हशा मोजायचा.

विषय रोजचे घे. भाड्याची खोली, गणपतीत भरलेलं घर, एसटीतली चौकशीखोर शेजारीण, दर मे महिन्यात स्थळ घेऊन येणारी मावशी. बघणारे डोळे तुझे आहेत, तेव्हा तू कोण आहेस ते त्यात आपसूक येईल.

एक विनोद घासूनपुसून कसा करतात ते दाखवते. पहिला मसुदा असा:

"मी आणि माझी पार्टनर रत्नागिरीत भाड्याने राहायला लागलो तेव्हा आमच्या घरमालकीण काकू खूप कडक होत्या आणि त्यांनी सांगितलं होतं की घरी मुलगे आणलेले चालणार नाहीत, पण त्यांना कुठे माहीत होतं की आम्ही दोघी लेस्बियन आहोत, त्यामुळे त्या सगळ्यांना सांगायच्या की ह्या मुली किती सरळ आहेत."

लोक हसतात, पण उशिरा आणि अर्धवट. 'लेस्बियन' हशाच्या अगदी तोंडावर येऊन गंमत फोडतं. शिवाय मराठीत क्रियापद शेवटी येतं, म्हणून 'सरळ'च्या मागे 'आहेत' लोंबत राहतं आणि हशा नेमका त्याच्याखाली चिरडतो. आता हे बघ:

"आमच्या घरमालकीण काकूंची एकच अट. मुलगे घरी आणायचे नाहीत. (थांब.) पाळली आम्ही. (थांब.) आता काकू सगळ्या आळीत सांगत फिरतात. भाडेकरू ठेवावेत तर असे. दोघी पण एकदम सरळ."

वाक्यं मोडली, क्रियापदं छाटली, शेवटचा शब्द कामाचा ठेवला. तू कोण आहेस हे आधी एका ओळीत सांगून झालेलं असलं पाहिजे, बाकीचं प्रेक्षक स्वतः जोडतो. त्याने स्वतः जोडलं की जास्त हसतो.

मालवणी वापरायची का? वापर, पण पात्राच्या तोंडी. मच्छिंद्र कांबळींनी मालवणी व्यावसायिक रंगभूमीवर अशी गाजवली की आजही नुसतं "गो बाय माझे" म्हटलं तरी दादरचं थिएटर हसायला लागतं. हा आयता हशा आहे, त्यावर विसंबलीस की लिहायचं सुटतं. माझ्या मावशीचा तुकडा मी असा करते. मावशी विचारते, "तुका कसलो घोव व्हयो तां तरी सांग." मी म्हणते, "मावशे, माका घोव नको, चेडू बघ." (घोव म्हणजे नवरा, चेडू म्हणजे मुलगी.) मावशी गप्प. पंखा फिरतोय. मग हळूच, "पण चेडवाच्या नावार मुंबयत खोली असता काय?" इथे हसू बोलीचं नाही, मावशीच्या हिशेबाचं आहे. हाच तुकडा मी हिंदीत केला तरी चालतो, आणि बोलीतला विनोद उभा आहे की नुसताच हेल काढतोय ते तपासायची हीच रीत.

पाठांतराचं दशावताराकडून शिक. आमच्याकडच्या जत्रेत रात्रभर चालणाऱ्या नाटकाला छापील संहिता नसते. कथेचा क्रम सगळ्यांना ठाऊक, संवाद जागच्या जागी. तूही क्रम पाठ कर, शब्द नको. फक्त प्रत्येक विनोदाची शेवटची ओळ शब्दश: पक्की हवी. आणि 'गावच्या लोकांना असलं काही वेगळं बघायची सवय नाही' असं कोणी म्हणालं तर मुळीच ऐकून घेऊ नकोस. लुगडं नेसून लाजणाऱ्या पुरुषावर हेच गाव पहाटेपर्यंत खूश असतं.

देवासमोर घालतात त्या गाऱ्हाण्याची लयही उत्तम चालते. एक ओळ तू म्हणायचीस, "व्हय महाराजा" प्रेक्षकांनी. तिसऱ्या खेपेला लोक स्वतःहून म्हणतात. मात्र त्यात देवाचं नाव घेऊ नकोस. घरमालक, बॉस, आरटीओ, कोणाचंही गाऱ्हाणं घाल. कारण नवव्या पायरीत आहे.

दोन गोष्टी मी कधी करत नाही. पहिली, जोडीदाराला विचारल्याशिवाय तिच्याबद्दल एक ओळही. तिचं नाव, गाव, नोकरी बदलून टाकायची, आणि तरी शेवटचा शब्द तिचा. ती घरी बोललेली नसेल तर तुझा विनोद तिचं गुपित फोडू शकतो. दुसरी, स्वतःच्या रूपावर, केस कापण्यावर, 'बाप्याच्या चालीवर' हशा मिळवणं. हसतील लोक, भरपूर हसतील. ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियात समलिंगी संबंध १९९७ पर्यंत गुन्हा होता. तिथल्याच एका छोट्या गावातून आलेल्या विनोदी कलाकार हॅना गॅड्सबी यांनी २०१८ मध्ये जगभर पोचलेल्या कार्यक्रमात हेच मांडलं, की आधीच कडेला ढकललेल्या माणसाने स्वतःलाच खाली पाडून हसवणं हा नम्रपणा नव्हे, अपमान आहे. मला ते पटलं. तुला नसेल पटत तर नको घेऊस, पण असा विनोद लिहिलास की आरशासमोर मोठ्याने म्हणून बघ.

३. गावातच माईकची सवय लाव

यासाठी लेस्बियन असण्याचा एक शब्दही काढायची गरज नाही. गणेशोत्सव मंडळाचं निवेदन, कॉलेजचं स्नेहसंमेलन, वाचनालयाचा कार्यक्रम, मिळेल ते सूत्रसंचालन घे. माईक हनुवटीच्या जरा खाली, तोंडापासून चार बोटं. स्टँडमधून काढलास की स्टँड मागे सरकव, नाहीतर त्याच्याआड लपून बोलत राहशील. लोक हसत असताना बोलू नकोस. एवढं आलं तरी पहिल्या ओपन माईकला तू अर्ध्या जणांच्या पुढे असशील.

४. पहिला ओपन माईक, आणि मुंबईचा गैरसमज

ओपन माईक म्हणजे कोणीही नाव नोंदवून चार-पाच मिनिटं करून बघायची जागा. नोंदणी बहुतेक इन्स्टाग्रामवरच्या फॉर्मने किंवा व्हॉट्सॲप ग्रुपवर होते. पैसे मिळत नाहीत; काही ठिकाणी शे-दोनशे रुपये घेतात, काही ठिकाणी एक-दोन माणसं प्रेक्षक म्हणून आणायला सांगतात. वेळ संपत आली की मागून मोबाइलचा दिवा दाखवतात. दिवा दिसला की चालू विनोद संपवून उतर. विनोद पडला तर आयोजक विसरतो, वेळ खाल्लेली मात्र त्याच्या लक्षात राहते.

कुठे जायचं? सावंतवाडी-कुडाळकडच्या मुलीला गोवा जवळ, रत्नागिरी-कणकवलीला घाट चढून कोल्हापूर. पण रोज माईक मिळेल अशी गावं मुंबई आणि पुणे. आता सापळा ऐक. आपल्याला वाटतं मुंबई म्हणजे कोणी ओळखत नाही. अगं, अर्धं गाव मुंबईत आहे! लालबाग, भांडुप, डोंबिवली, विरार. दादर-ठाण्यात मराठी शो लागला की समोरच्या रांगेत चाकरमानी असणारच, आणि त्यातला एक तुमच्या ग्रामस्थ मंडळाचा खजिनदार निघणार. म्हणून घरी बोललेली नसशील तर पहिले काही माईक खार-अंधेरीकडे, हिंदी किंवा मिश्र भाषेत कर. भाषा बदलली की प्रेक्षक बदलतो. एकदा विनोद पक्के झाले आणि घरचं मिटलं की मराठीत ये, कारण खरी मजा आणि खरी गर्दी तिथेच आहे. भाडिपा या यूट्यूब चॅनेलने २०१६ पासून मराठी विनोदाला इंटरनेटवर प्रेक्षक तयार करून ठेवलाय, आणि त्या प्रेक्षकाला नवं माणूस हवंच असतं.

फक्त बायकांचे आणि क्वीअर कलाकारांचे माईकही होतात, तिथे एकदा तरी जा. मात्र तिथेच रमू नकोस. तिथे तुझ्या अर्ध्या ओळीवर लोक हसतात, कारण पुढची अर्धी त्यांनी जगलेली असते. तोच विनोद कॉर्पोरेट पार्टीतल्या अनोळखी काकांसमोर उभा राहतो का, ते बघावं लागतं.

प्रवासाचं. रात्रीची कोकणकन्या किंवा तुतारी पकडली की पहाटे मुंबई, संध्याकाळी माईक, आणि रात्री परत. मुक्कामाची भानगड नाही. फक्त दादरहून सुटणारी तुतारी मध्यरात्री बारा वाजून गेल्यावर निघते, म्हणजे तिकिटावर पुढच्या दिवसाची तारीख लागते. शनिवारच्या माईकनंतरची गाडी रविवारची असते. नव्या मुली इथे हमखास चुकतात आणि दादर स्टेशनवर बसून राहतात. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं, आणि गणपतीच्या आसपास तिकीट विसर. लालबागच्या काकांकडे उतरायचं ठरवलंस, तर रात्री अकराला कुठून आलीस याचं उत्तर तयार ठेव.

शो संपल्यावर एक माणूस येईल. वय कितीही असो, वाक्य तेच: "तुला अजून योग्य मुलगा भेटला नसेल." उत्तर घरून घेऊन जा. माझं आहे, "भेटले की खूप. सगळे तुमच्यासारखेच होते." हसून म्हणायचं आणि पुढे चालायचं. आयोजक किंवा मोठा कलाकार 'स्पॉट देतो' म्हणून रात्री एकटीला बोलवायला लागला, तर तो प्रकार वेगळा. ऑक्टोबर २०१८ मध्ये मी-टू आलं तेव्हा भारतातलं विनोदी वर्तुळ मुळापासून हादरलं होतं, तेव्हापासून बायकांचे एकमेकींना सावध करणारे ग्रुप आहेत. जुन्या मुलींना विचारून त्यात शिर. कामाच्या ठिकाणी लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याखाली प्रत्येक जिल्ह्यात स्थानिक समिती असते. ज्या जागेत दहा माणसंही कामाला नाहीत, तिथली तक्रारही तिच्याकडे करता येते.

५. व्हिडिओ: इथे घाई नको

स्टेजवरचं बोलणं खोलीतल्या माणसांपुरतं असतं. रील मात्र गावाच्या ग्रुपवर एसटीच्या आधी पोचतं. मी बघितलेल्या बहुतेक घरगुती स्फोटांचं कारण शो नव्हता, कोणीतरी टाकलेली चाळीस सेकंदांची क्लिप होती.

माईकवर चढण्याआधी आयोजकाला लेखी विचार (व्हॉट्सॲप चालतं): शूटिंग होतंय का, क्लिप कोण टाकणार, माझ्या संमतीशिवाय टाकणार नाही ना? "सगळे टाकतात, तुझाच फायदा आहे" असं उत्तर आलं तर त्या दिवशी दुसरा सेट, म्हणजे दुसरे विनोद, कर. प्रेक्षकांतून कोणी मोबाइल वर धरला तर सूत्रधाराला थांबवायला सांग. चांगले सूत्रधार हे स्वतःच सांगतात.

स्टेजचं नाव घ्यायचं तर आडनाव टाकून दे. '-कर' लागलं की गाव आलंच. पण नुसतं नाव बदलून भागत नाही, आणि हे कोणी सांगत नाही म्हणून सविस्तर लिहिते. इन्स्टाग्रामचं नवं खातं रोजच्या मोबाइल नंबरवर उघडलंस, तर ज्यांच्या फोनमध्ये तुझा नंबर आहे त्यांना 'तुम्ही यांना ओळखत असाल' म्हणून ॲप स्वतःच ते दाखवतं. नवा ईमेल कर, कॉन्टॅक्ट जोडायची परवानगी बंद ठेव, आणि सुचवण्यांमध्ये आपलं खातं दाखवायचं सेटिंगही बंद कर. दुसरं, यूपीआय. मानधन घ्यायला क्यूआर पुढे केलास की समोरच्याच्या स्क्रीनवर बँकेतलं पूर्ण नाव झळकतं, वडिलांच्या नावासकट. ज्यांना नाव सांगायचं नाही त्यांच्याकडून रोख घे. तिसरं, मागचं दृश्य. घरी शूट केलेल्या व्हिडिओत भिंतीवरचं कालनिर्णय आणि त्यावर छापलेलं गावातल्या दुकानाचं नाव दिसलं तर बाकी सगळी काळजी फुकट.

फक्त 'क्लोज फ्रेंड्स'ना दाखवलेलं सुरक्षित असतं असं समजू नकोस. स्क्रीन रेकॉर्ड करायला काय लागतं?

घरी सांगून झालं असेल तर हिशेब उलटा. मग व्हिडिओ हेच तुझं दुकान. तरी पहिली क्लिप अशी निवड की ज्यात तू लेस्बियन आहेस हे येतं, पण घरच्या कोणाची टिंगल नाही. आईला शेजारणीला दाखवता येईल अशी. पुढच्या सगळ्या क्लिप तिला सोप्या जातात. आणि टाकायच्या आदल्या दिवशी तिला सांग. परवानगी मागू नकोस, फक्त सांग.

प्रतिक्रिया वाचायला मैत्रीण बसव. शिव्या तिने काढून टाकायच्या, धमक्या जपून ठेवायच्या.

६. पिशवीत काय हवं

आधार, पॅन, बँकेच्या पासबुकाची प्रत: मूळ कागद तुझ्या ताब्यात हवेत, वडिलांच्या कपाटात नकोत. ही एक ओळ माझ्यासाठी तू सगळ्यात आधी कर. घर सोडायची वेळ आली तर पहिला प्रश्न कागदांचाच येतो. दहावी-बारावीच्या गुणपत्रिकाही घे. बँकेत तुझं एकटीचं खातं, त्याला तुझाच नंबर. जोडीदाराबरोबर संयुक्त खातं काढायला आणि तिला नॉमिनी करायला काहीच अडचण नाही, असं अर्थ मंत्रालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये स्पष्ट केलंय. बँकेत कोणी कुरकुरलं तर ते परिपत्रक दाखव.

बाकी सामान थोडं: वही, प्रत्येक सेट रेकॉर्ड करायला मोबाइल (फक्त आवाज पुरतो, आणि घरी येऊन ऐकायचा, कितीही लाज वाटली तरी), पॉवर बँक, एक फोटो आणि चार ओळींची ओळख. पावसाळ्यात वही प्लास्टिकच्या पिशवीत. शाई पसरली की विनोद गेला.

७. पैसे

उतरंड साधारण अशी: ओपन माईक, मग चार-पाच जणांच्या तिकीट शोमध्ये दहा मिनिटं, मग मोठ्या कलाकाराच्या आधी पंधरा-वीस मिनिटं, शेवटी स्वतःचा तास. चांगला तास व्हायला काही वर्षं जातात. तोपर्यंत दुसरी नोकरी हवी, आणि ती सोडायची घाई कधीच करू नये असं माझं ठाम मत आहे.

जून आला की कंपन्यांना आपली आठवण होते. प्राइड महिन्याच्या कार्यक्रमाला बोलावतात आणि मानधनाचं विचारलं की "व्यासपीठ मिळेल" म्हणतात. त्यांच्या जेवणाचं, फुग्यांचं, सप्तरंगी केकचं बिल कोणीतरी भरतंच ना? रक्कम ईमेलवर ठरव, अर्धी आगाऊ घे, आणि कार्यक्रमाचे फोटो-व्हिडिओ कंपनी कुठे टाकणार ते लिहून घे. मानधनातून साधारण १० टक्के टीडीएस, म्हणजे आगाऊ आयकर, कापला जातो. रिटर्न भरलंस तर बहुतेक वेळा परत मिळतो. जीएसटीची नोंदणी वर्षाला २० लाखांच्या वर उलाढाल गेली की, म्हणजे सध्या झोप मोडू नकोस.

८. कोकणात स्वतःचा शो

रत्नागिरीचं सावरकर नाट्यगृह, चिपळूणचं इंदिरा गांधी सांस्कृतिक केंद्र, मालवणचं मामा वरेरकर नाट्यगृह यांची स्वप्नं बघ, पण सुरुवात कॅफेत, वाचनालयाच्या सभागृहात, होमस्टेच्या अंगणात कर. तीस खुर्च्यांत पंचवीस माणसं बसली की शो भरतो. मोठ्या नाट्यगृहात तीच पंचवीस जणं एकमेकांकडे बघत बसतात.

नाट्यगृहात तिकीट लावून प्रयोग करायचा तर रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र मागतात, त्यासाठी संहिता आधी द्यावी लागते. त्याला वेळ धरून चाल. एंट्रीला सिनेमाचं गाणं वाजवायचं तर त्याचं लायसन्स वेगळं, मी गाणंच वाजवत नाही. उघड्यावर भोंगा रात्री दहाला बंद. पोलीस स्टेशनला कार्यक्रमाचं पत्र देऊन शिक्क्याची प्रत घे.

तारीख निवडताना जत्रांचं वेळापत्रक बघ; दशावताराच्या रात्री तुझ्याकडे कोणी फिरकणार नाही आणि फिरकूही नये. मे महिन्यात सगळे चाकरमानी गावात असतात. घरी आणि गावात सगळं उघड असेल तर मेसारखा महिना नाही. नसेल, तर जानेवारी-फेब्रुवारीत पर्यटकांच्या गावी, तारकर्ली किंवा गणपतीपुळ्याच्या बाजूला कर, तिकीट ऑनलाइन ठेव आणि पोस्टर एसटी स्टँडवर लावू नकोस.

जनरेटरचं आधी बघ. हॉलवाला "जनरेटर असा" म्हणाला तर सुरू करून दाखवायला सांग, आणि डिझेल कोणी भरायचं ते पैसे देण्याआधी ठरव.

९. तक्रार किंवा धमकी आली तर

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. विनोदी कलाकाराच्या मागे जी कलमं लागतात ती मुख्यतः दोन: २९६, सार्वजनिक ठिकाणी अश्लील कृत्य किंवा गाणं, आणि २९९, मुद्दाम धार्मिक भावना दुखावणं, ज्याला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. व्हिडिओ असेल तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६७. जानेवारी २०२१ मध्ये इंदूरला एका कलाकाराला अटक झाली आणि सुप्रीम कोर्टाने जामीन देईपर्यंत तो महिनाभर आत होता, तेव्हा 'आपल्याला कोण विचारतंय' हा विचार सोड. लेस्बियन असण्यावरचा विनोद गुन्हा नाही. पण तुझ्यावर राग धरलेल्या माणसाला तुझ्या सेटमधून देवाधर्माची एक ओळ मिळाली, तर तो तीच घेऊन पोलीस स्टेशनला जाईल. गाऱ्हाण्यात देवाचं नाव नको म्हटलं ते यासाठी.

धमकी आली की आधी स्क्रीनशॉट: खात्याचं नाव, तारीख, लिंक दिसेल असा. मग ब्लॉक. तक्रार सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर करता येते. अंगावर येण्याची भीती असेल तर ११२. एफआयआर कुठल्याही पोलीस स्टेशनला नोंदवता येतो, तो झिरो नंबरने पुढे पाठवतात. "आमच्या हद्दीत नाही" हे उत्तर घेऊन परत येऊ नकोस. जाताना एकटी जाऊ नकोस, आणि गावातल्या ओळखीच्या हवालदाराकडे तर आधी मुळीच नको, कारण तो तक्रार लिहून घेण्याआधी तुझ्या बापाशीक फोन करील. वकिलाचा नंबर पहिल्या व्हिडिओच्या आधी फोनमध्ये असू दे. लेबिया किंवा हमसफरला विचारलंस तर त्या वाटेवरचं माणूस सापडतं. नोटीस आली तर वकिलाला दाखवल्याशिवाय व्हिडिओ काढूही नकोस आणि माफीचा व्हिडिओ टाकूही नकोस.